इथे सातबारा चालत नाही

लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारायचा, ही रीत जुनी. मुलीचा पगार विचारलाच तर "करते ना नोकरी, वेळ जातो तिचा" एवढ्यावर विषय मिटतो. माझंही तसंच झालं. सासरच्या कुणीही माझ्या पगाराची चौकशी केली नाही. ती केली ब्रिटिश सरकारने, आणि अशी केली की स्थळाची सात पिढ्यांची माहिती काढणारी आमची मालूआत्या त्यांच्यापुढे अगदीच भाबडी वाटावी.

मी लेस्टरमध्ये एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. नवरा निखिल पुण्यात, सासर देवगडचं. मला इथे कायमचं राहायची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळाली आणि मग आमचं लग्न ठरलं. हा क्रम चुकीचा होता हे नंतर कळलं. मी वर्क व्हिसावर होते तोवर नवऱ्याला डिपेंडंट म्हणून आणायचं, तर त्याच्यासाठी वर्षाला अमुक इतके पौंड कमवा अशी वेगळी अट नव्हती. सुरुवातीच्या खर्चापुरते पैसे खात्यात दाखवले की भागायचं. आयएलआर झाल्यावर मात्र अट आली: वर्षाला २९,००० पौंड. पाहुणी होते तोवर नवरा चालत होता. घरची झाले तर म्हणाले, आधी पोसून दाखव.

माझा पगार तेव्हा २७,५००.

हा आकडा पूर्वी एवढा नव्हता. जुलै २०१२ मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना ही अट आली, तेव्हा ती १८,६०० होती. त्यामागचा हिशोब असा की एवढं कमावणारं जोडपं सरकारी भत्त्यांवर भार टाकणार नाही. यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं की या अटीमुळे अनेकांचे हाल होतात हे खरं, पण अट मुळात बेकायदा नाही. मग डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की आकडा ३८,७०० करणार. एवढा आरडाओरडा झाला की टप्प्याटप्प्याने करू असं ठरलं, आणि पहिला टप्पा म्हणून ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० लागू झाले. पुढे सरकार बदललं आणि बाकीचे टप्पे थांबले. लंडनला एक आकडा आणि लेस्टरला दुसरा, अशी भानगड नाही. घरभाडं बदलतं, पगार बदलतो, नवऱ्याची किंमत देशभर एकच.

आमचा साखरपुडा जानेवारी २०२४ मध्ये झाला. म्हणजे ११ एप्रिलच्या आत लग्न करून अर्ज टाकला असता तर १८,६०० वर सुटलो असतो. मी फोनवर हे समजावून सांगितलं. सासूबाईंना पटलं. गुरुजींनी फेब्रुवारीतले मुहूर्त काढले, तर हॉल नाही. मार्चमधला हॉल मिळाला, तर आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हात वर केले. मार्चमध्ये आंबा उतरवायला सुरुवात होते. पेट्या, गवत, गडी, मुंबईचा दलाल. आंब्याच्या सीझनात देवगडात घरचं कार्य काढणारा बागायतदार अजून जन्माला यायचाय. "रजिस्टर करून टाकूया" असं निखिल हळूच म्हणाला, त्यावर आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. लग्न डिसेंबरमध्ये झालं, दणक्यात झालं. हापूसपायी आम्हाला वर्षाला १०,४०० पौंड जास्त कमवायची पाळी आली. पाडाचा आंबा इतका महाग मी तरी ऐकलेला नाही.

लग्न झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आमच्या मिळकतीची मोजदाद सुरू झाली. पहिला प्रस्ताव अर्थातच निखिलच्या पगाराचा. तो पुण्यात चांगल्या कंपनीत आहे, रुपयांचे पौंड केले तरी माझ्या पगाराच्या शेजारी बसण्याइतकं कमावतो. मी सांगितलं, तो धरत नाहीत. परदेशातून अर्ज करणाऱ्याची तिथली नोकरी शून्य. बरं, इथल्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली तर? तीही शून्य. यावर सासूबाई खरोखर दुखावल्या. "अगं, पण त्याला कंपनीने गेल्या वर्षी बक्षीस दिलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आई, बक्षीसही नाही चालत.

मग आप्पा कॅमेऱ्यासमोर आले. त्यांनी फोन इतका जवळ धरला होता की मला फक्त कपाळ दिसत होतं. "आमची कलमां आसत मां! मगे?"

कलमं आहेत. चांगली शंभरच्या वर आहेत. पण सातबाऱ्यावर आप्पांबरोबर त्यांच्या तीन भावांची आणि वारलेल्या एका आत्याची नावं आहेत, वारसनोंद अजून तलाठ्याकडे पडून आहे, आणि निखिलचं नाव त्यात कुठेच नाही. स्वतःच्या मालकीची जागा भाड्याने दिली असेल तर त्या भाड्याचं उत्पन्न धरतात. जागा विकून पैसे खात्यात आले तर तेही बचतीत मोजतात. पण नुसती जमीन आहे, घराणं मोठं आहे, पंचक्रोशीत शब्दाला मान आहे, या रकान्यांना त्या अर्जात जागा नाही. मावशीने माझ्या आईच्या बांगड्या आणि पोहेहाराचं वजन सांगितलं. सोनं नाही. काका म्हणाले, "मी लिहून देतो स्टॅम्प पेपरवर, पोरांना काही कमी पडू देणार नाही." नातेवाइकांचं वचनही सहसा नाही. ज्या ज्या गोष्टी पाहून माझ्या आईवडिलांनी हे स्थळ पसंत केलं, त्या सगळ्या लंडनच्या दृष्टीने कवडीमोल होत्या. उरली माझी पे-स्लिप.

दीड हजार कमी पडत होते. आप्पा म्हणाले, "दीड हजार पौंड? ते मी पाठवतंय." इथे मला बचतीचं सूत्र सांगावं लागलं. पहिले १६,००० पौंड मोजतच नाहीत, कारण तेवढी शिल्लक असलेल्याला बरेचसे भत्ते मिळत नाहीत, म्हणून तिथून पुढचं धरायचं. त्यावर जितके कमी पडतात त्याच्या अडीचपट, कारण व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. म्हणजे पगारात दीड हजारांचं भोक पडलं असेल तर ते बुजवायला १९,७५० पौंड लागतात, आणि तेही सहा महिने खात्यात हात न लावता ठेवलेले, कुठून आले त्याच्या खुलाशासह. पगार अजिबातच नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे कोटीच्या घरात. आप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो हिशेब कोणी काढल्यान?" आवाजात राग नव्हता. सावकारीतल्या एका जाणकाराने दुसऱ्याला दिलेली दाद होती ती.

गावी हे चालू असताना इकडे लेस्टरात मंडळींचे सल्ले सुरू झाले. महाराष्ट्रातून इथे आलेली माणसं एकत्र जमली की पूर्वी म्हणे शाळा, घरं आणि भारतात जायची तिकिटं यांवर बोलायची. आता कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा स्पाउस व्हिसा अडकलेला असतोच. हळदीकुंकवाला वाण हातात ठेवताना एक काकू मला म्हणाल्या, "तू कॅटेगरी ए की बी?" एकाच ठिकाणी सहा महिने नोकरी झालेली असेल तर ए, तेवढी झाली नसेल तर बी, मग भाडं, बचत, पेन्शन असं करत स्वतःचा धंदा असणाऱ्यांपर्यंत पार जीपर्यंत अक्षरं जातात. धंदेवाल्यांचे हाल सगळ्यात वाईट, त्यांना अख्ख्या आर्थिक वर्षाचे कागद लागतात, आणि इथलं आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. का, ते विचारू नये.

एक जुने काका होते, ते हळहळले. "तुम्ही उशिरा आलात. आमच्या वेळी सुरिंदर सिंग होता." मला वाटलं एजंट असेल. तो निघाला खटला. सुरिंदर सिंग हा भारतीय माणूस, बायको ब्रिटिश. दोघांनी काही वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि परतल्यावर त्याला युरोपच्या कायद्याने बायकोबरोबर राहायचा हक्क आहे, असं १९९२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ठरवलं. पुढे १८,६०० ची अट आल्यावर कित्येक ब्रिटिश नागरिक जोडीदाराला घेऊन आयर्लंडला जाऊन राहिले, तिथे नोकरी केली आणि त्या वाटेने परत आले. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे ती मला तशीही बंदच होती, पण काकांची हळहळ इतकी मनापासून होती की मीही थोडी हळहळले.

२०२५ च्या फेब्रुवारीत मला बढती मिळाली. पगार २९,९००. लॅबमध्ये केक आणला, देवगडात पेढे वाटले, निखिलने बॅग काढली. मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, छान, आता थांबा. ए गटातल्या पगारदाराचा मागच्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरतात. वाढलेल्या पगाराच्या सहा स्लिपा जमेपर्यंत मी कागदोपत्री २७,५०० वालीच. निखिलने बॅग परत माळ्यावर टाकली.

ते सहा महिने मी ज्या निष्ठेने नोकरी केली, तितक्या निष्ठेने मी माझ्या लग्नात सप्तपदीही चालले नसेन. घसा दुखला की मला स्लिप दिसायची. बिनपगारी रजा हा शब्द कुणी उच्चारला तरी मी तिथून उठून जायचे. एका मैत्रिणीने दुसऱ्या शहरात जास्त पगाराची जागा सुचवली, तर मी तिच्याशी चक्क तुटक बोलले. नोकरी बदलली की ए गट गेला, बी गटात मागच्या बारा महिन्यांची कमाई मोजतात, आणि त्यात माझे जुने महिने येणार. साहेबांनी सहज विचारलं, "इथे खूश आहेस ना?" मी इतक्या जोरात हो म्हटलं की ते दचकले.

पगाराइतकंच त्याचं पत्र महत्त्वाचं. नोकरी कधीपासून आहे, पगार किती, तो कधीपासून तेवढा आहे, आणि नोकरी कायमची, ठरावीक मुदतीची की एजन्सीची, या चारही गोष्टी पत्रात हव्यात. एचआरमधल्या बाई फार प्रेमळ. त्यांनी पहिलं पत्र दिलं त्यात मी अतिशय मनमिळाऊ सहकारी असल्याचं लिहिलं होतं. पगार नव्हता. दुसऱ्यात पगार आला, तर कायमची हा शब्द राहिला. मी परत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "घराच्या कर्जासाठी हवंय का गं?" मी म्हटलं, नवऱ्यासाठी. त्यांचे डोळे भरून आले. पत्र पुढच्या आठवड्यात मिळालं, तोवर त्या सुट्टीवर गेल्या होत्या.

बँकेचं प्रकरण याहून गोड. पगार स्लिपेवर जेवढा हातात आलेला दिसतो, तेवढाच बँकेत जमा दिसायला हवा, आणि स्टेटमेंट ऑनलाइन काढलेलं असेल तर त्यावर बँकेचा शिक्का किंवा सोबत बँकेचं पत्र हवं, असं वकिलाने बजावलं होतं. आमच्या भागातली शाखा बंद होऊन तिथे कॉफीचं दुकान झालेलं. दुसऱ्या शाखेत काउंटरवरचा मुलगा म्हणाला की आता आम्ही शिक्के ठेवत नाही. बँकेत शिक्का नाही! मी हे पुण्याला कळवलं तर निखिल म्हणाला, "मला पाठव, खालच्या पतसंस्थेत गोल, चौकोनी, तारखेचा, सगळे आहेत." शेवटी पोस्टाने पत्र मागवलं. आणि हे सगळं करताना डोक्यावर २८ दिवसांची घंटा: अर्ज कराल त्या दिवशी प्रत्येक प्रकारातला सगळ्यात ताजा कागद त्याहून जुना नको. एक कागद येईपर्यंत दुसरा शिळा होणार, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे पूर्वी मी संकष्टी बघायचे, तिथे आता कागदांच्या तारखा लिहिल्या होत्या.

शेवटी अर्ज भरला. आम्ही भरली तेव्हा फी १,९३८ पौंड होती, आणि आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा ३,१०५. आपल्याकडे पैसे आहेत हे सिद्ध करायला पाच हजारांच्या वर पैसे गेले. आप्पांना हे सांगितलं नाही. निखिलची क्षयाची तपासणी मुंबईत झाली, इंग्रजी येतं याचा दाखला झाला, त्याबद्दल काही तक्रार नाही. राहता राहिला नातं खरं असल्याचा पुरावा. लग्नाचे फोटो शेकड्यांनी होते. फोनवरच्या गप्पा निवडायला बसलो आणि दोघंही गप्प झालो. वर्षभराच्या संभाषणात प्रेमाचं वाक्य शोधावं लागत होतं. होतं ते असं: "पगार जमा झाला का?" "स्कॅन नीट नाही, परत पाठव." "आजारी पडू नकोस." त्यातल्या त्यात शेवटचं आम्ही जोडलं. वकील म्हणाला, उत्तम आहे, नवराबायको असेच बोलतात.

व्हिसा आला. निखिल आला, सासूबाईंचा कुळथाचं पीठ आणि आमसुलांचा डबा घेऊन आला. हा व्हिसा ३३ महिन्यांचा असतो, तो संपायच्या आधी हीच फाईल पुन्हा उघडायची आणि मिळकत पुन्हा दाखवायची. त्या वेळी मात्र नवरा इथे कामाला असेल तर त्याची कमाईही मोजतात. मनासारखी नोकरी मिळेपर्यंत निखिलने एका गोदामात काम धरलं आहे. परवा तो घरी आला, बूटसुद्धा न काढता पहिली पे-स्लिप माझ्यासमोर धरली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

मी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि विचारलं, "हे पर्मनंट आहे की एजन्सीचं?"