पाण्याचं वावडं असलेली टाकी

स्कूबा डायव्हिंगची पोलादी टाकी हा अजब प्राणी आहे. आयुष्य काढायचं समुद्रात आणि वावडं पाण्याचंच! आतल्या बाजूचे लाड तर विचारू नका. हवा गाळून, कोरडी करून भरायची. टाकी पार रिकामी होऊ द्यायची नाही, न जाणो थेंबभर पाणी आत शिरलं तर! हे सगळे सोहळे पोटाचे. पाठीच्या वाट्याला खारं पाणी, वाळू, बोटीवरची आदळआपट आणि मी.

गंजाची आवडती जागा म्हणजे बूट. पोलादी टाकीचा तळ गोल, त्यामुळे ती आपली आपण उभी राहत नाही. म्हणून तिला रबराचा किंवा प्लास्टिकचा बूट चढवतात. तो तळाचं रक्षण करतो म्हणे! करतो ते एवढंच, की समुद्राचं घोटभर पाणी जिवापाड जपून ठेवतो. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, पुढच्या डायव्हला ते पुन्हा भिजतं. यावर जाणकारांचा उपाय असा, की बूट काढून टाकी गोड्या पाण्याने धुवावी. 'बूट काढून' हे दोन शब्द ते इतक्या सहज उच्चारतात, की त्यांनी तो जन्मात कधी काढला नसावा.

टाकी मांडीत धरून मी ओढतो. बूट ढिम्म. कोमट पाणी ओतून ओढतो. ढिम्म. शेवटी बायकोला हाक मारतो. ती टाकीकडून, मी बुटाकडून.

"अहो, तुम्ही पाण्याखाली जाता ते याच आनंदासाठी का?" तिने विचारलं आणि नेमका त्याच क्षणी बूट सुटला. मी बुटासकट मागच्या भिंतीपर्यंत गेलो. टाकी तिच्याकडेच राहिली. तळाला तपकिरी पोपडे धरले होते.

गंज दिसला की सल्लागार उगवतात. एक म्हणाला, "ग्राइंडर मार, दोन मिनिटांत चकाचक." म्हणजे गंजासोबत टाकीची जाडीही जाणार. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, माझ्या टाकीत २३२ बार. तिची भिंत मी पातळ करणार आणि वर तीच पाठीला बांधणार! दुसऱ्याचं मत, जुना रंग ज्योतीने जाळून काढ. हे पोलाद ठरावीक तापमानाला तापवून मुद्दाम कणखर केलेलं असतं. त्याला ज्योत दाखवली तर तो कणखरपणा बिघडतो आणि टाकी कायमची बाद होऊ शकते. तिसऱ्याने व्हिनेगर सुचवलं. माझ्या टाकीवर जस्ताचा मुलामा आहे. हे जस्त फार भलं. चरा पडून पोलाद उघडं पडलं, तरी आधी स्वतः झिजतं आणि त्याला वाचवतं. व्हिनेगर आधी या भल्या माणसालाच खातं.

तेव्हा मी तारेचा ब्रश आणि बारीक सँडपेपर घेऊन हातानेच बसलो. अॅल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून त्याला झाकतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेपाण्याला उघडं करतो. ज्याचं खातो त्याचंच घर खिळखिळं करतो. नुसता पिवळट थर असेल तर तो पुसला जातो आणि खाली सपाट धातू लागतो. त्याची काळजी नको. काळजी असते खड्ड्यांची.

खड्डे जोखायला तपासनीस असतो. त्याने नखाने गंज खरवडला, खोली मोजायचं माप टेकवलं आणि म्हणाला, "हम्म."

डॉक्टरांच्या 'हम्म'ला निदान पुढे औषध असतं. याच्या 'हम्म'नंतर हायड्रो टेस्ट असते. अमेरिकेत ती दर ५ वर्षांनी करावी लागते. टाकीत पाणी भरून नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देतात आणि ती किती फुगली ते मोजतात. दाब काढल्यावर एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त फुगवटा मागे उरला, की टाकी बाद. हा नियम माणसांच्या कमरेला नाही, हे आपलं नशीब.

टाकी पास झाली. मग मी उघड्या पोलादावर जस्ताचा स्प्रे मारला. तो स्वच्छ, कोरड्या धातूवरच धरतो. गंजावर मारला तर गंजासकट पोपडा होऊन निघतो. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे मी कागद चिकटवून झाकले, कारण ते रंगाने बुजले तर तपासनीस पुन्हा 'हम्म' म्हणेल. फरशीवर आता टाकीच्या आकाराचा रुपेरी गोल उमटला आहे. त्याला हायड्रो लागू नाही, पण घरात त्याची तपासणी रोज होते.

"त्यापेक्षा अॅल्युमिनियमची घे ना! गंजायचं नाव नाही," एक मित्र नेहमी सांगतो. हा गृहस्थ कमरेला माझ्याहून जास्त शिसं बांधून उतरतो. त्याची टाकी रिकामी होत आली, की तरंगू पाहते. माझी मुकाट खालीच राहते. परवा बोटीवर त्याने व्हॉल्व्ह पुसायला मान वाकवली आणि मला टाकीच्या गळ्याशी पांढरी भुकटी दिसली. अॅल्युमिनियम कुजतं ते असं, पांढरंशुभ्र. मी घाईघाईने मास्क चढवला. डायव्हला अजून अर्धा तास होता, पण चेहरा झाकायला दुसरं काही हाताशी नव्हतं.