‘शरीरावर विश्वास ठेवा’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक मेसेज पाठवला. तिला सातवा महिना लागलाय, पहिलटकरीण आहे. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, “मावशी, हे खरं आहे का?”

मेसेज थोडक्यात असा : बाळंतपण हा आजार नाही. पूर्वी सगळ्या घरीच बाळंत व्हायच्या. घरचं बाळंतपणच जास्त सुरक्षित, हे इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय. कळा आणण्याचं औषध दिलं की सिझर ठरलेलंच आणि सिझर हा निव्वळ धंदा. भीती सोडा, शरीरावर विश्वास ठेवा, काही बिघडत नाही.

हाच मेसेज मला आणखी चौघींकडून आलाय, म्हणून तिला दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी लिहिते. मी हॉस्पिटलची वकिली करायला बसलेली नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात बाळाची वाट मोठी करायला न विचारता छेद दिला गेला, कात्री चालली तेव्हाच मला कळलं. टाके भरून आले, राग अजून गेलेला नाही. घरी बाळंत व्हायचं म्हणणारी बाई मला वेडी वाटत नाही. पण अर्धवट माहिती हातात देऊन ‘आता तूच ठरव’ म्हणणं मला सहन होत नाही.

“पूर्वी घरीच व्हायचं, काही बिघडायचं नाही.”

बिघडायचं. ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. इंग्लंडमध्ये १९३०च्या सुमारास बहुतेक बाळंतपणं घरीच होत आणि दर हजारामागे चारएक बायका दगावत. जंतुसंसर्गावरची सल्फाची औषधं आली, रक्त चढवण्याची सोय झाली, तेव्हा कुठे आकडा झपाट्याने उतरला. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या वॉर्डमध्ये सुइणींच्या वॉर्डपेक्षा कितीतरी जास्त बायका बाळंतज्वराने मरत होत्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणीला तपासत. १८४७मध्ये तिथल्याच सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम घटले. म्हणजे घर की हॉस्पिटल एवढ्यानेच काही ठरत नाही. हात कुणाचे, ते स्वच्छ आहेत का आणि वेळेला त्या हातांत काय आहे, हे बघावं लागतं.

“भीती सोडा, शरीरावर विश्वास ठेवा.”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. बाळ झाल्यावर वार (बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला भाग) सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद होतात गर्भाशयाचा स्नायू आवळला तरच. म्हणून बाळ आईच्या छातीवर असतं, सगळे त्याच्याकडे बघत असतात, तेव्हा अनुभवी सुइणीचा हात आईच्या बेंबीपाशी असतो. आत गोळा घट्ट लागला तर ठीक. मऊ लागला तर ती लगेच चोळायला लागते, इंजेक्शन मागते, खालच्या कापडावर किती रक्त आहे ते बघते. जुळं असेल, बाळ मोठं असेल, कळा फार लांबल्या असतील तर गर्भाशय सैल पडायची शक्यता वाढते. पण कितीतरी जणींमध्ये आधी कुठलीच खूण नसते. बाई घाबरली होती की शांत होती, त्यावर हे ठरत नाही.

उपाय साधे असतात, पण ते हाताशी लागतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांमधला एक अभ्यास २०२३मध्ये आला. गेलेलं रक्त मोजणारी प्लास्टिकची पिशवी अंगाखाली ठेवायची आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. एवढ्याने गंभीर रक्तस्राव आणि त्यातून येणारी ऑपरेशनं व मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले.

आणि बिघडलंच तर? मेसेजच्या हिशोबाने त्या बाईचा विश्वासच कमी पडला. बाळ गमावलेल्या आईला हे कोण ऐकवणार?

“इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय.”

तो अभ्यास २०११चा. सुमारे ६४ हजार बायका, सगळ्या कमी जोखमीच्या, सोबत प्रशिक्षित सुइणी आणि गरज पडली तर हॉस्पिटलात हलवण्याची व्यवस्था. आधी मूल झालेल्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही आणि त्यांच्यात सिझरही कमी झाली. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण पहिलटकरणींमध्ये बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा हे प्रमाण हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या विभागात हजारी ५.३ होतं, तर घरी करायचं ठरवलेल्यांमध्ये ९.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हॉस्पिटलात हलवावं लागलं. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला भाग घेतला, दुसरा गाळला. माझी भाची दुसऱ्या भागात येते.

“कळा आणल्या की सिझर ठरलेलंच.”

नाही. अमेरिकेत कमी जोखमीच्या सहा हजारांवर पहिलटकरणींवर अभ्यास झाला, तो २०१८मध्ये आला. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट बघितलेल्यांत २२.२ टक्के.

“सिझर हा धंदा आहे.”

काही ठिकाणी आहे, हे मी नाकारत नाही. पण सिझरची जगातली सरासरी २१ टक्के धरली, तर लॅटिन अमेरिकेत ती ४३च्या आसपास जाते आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जेमतेम ५ उरते. तिथे सिझर मिळत नाही म्हणून बायका मरतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं की ठरावीक टक्केवारी गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळेल ते बघा.

मेसेजमागची तक्रार मात्र खरी आहे. सरसकट छेद देऊ नये, गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही म्हणून घाई करू नये, बाईला हवं त्या स्थितीत कळा देऊ द्याव्यात, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं, हे २०१८च्या त्याच संघटनेच्या शिफारशींमध्ये आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये माँटगोमेरी खटल्यात निकाल दिला. मधुमेही बाईच्या बाळाचा खांदा बाहेर येताना अडकण्याची शक्यता ९-१० टक्के होती. डॉक्टरांनी ती सांगितलीच नाही, कारण सांगितली तर बायका सिझर मागतील असं त्यांना वाटत होतं. बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालय म्हणालं, तिला सांगायलाच हवं होतं. तिथे डॉक्टरांनी लपवलं, इथे हा मेसेज लपवतोय.

भाचीला मी सांगितलं, तपासणीला जाताना प्रश्न लिहून ने. छेद देण्याआधी विचाराल का? कळा देताना मला चालता येईल का? आणि घरीच करायचं मनात असेल तर, येणारी सुईण प्रशिक्षित आहे का, तिच्या पिशवीत रक्त थांबवण्याचं औषध आणि बाळाला श्वास देण्याचं साधन आहे का, मध्यरात्री ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतील?

काल तिचा फोन आला. यादीत तिने स्वतःचा एक प्रश्न घातलाय : “मी नको म्हटलं, तर तुम्ही काय कराल?”