‘काही वाटत नाही तर बसतोस कशाला?’ भुसावळच्या काकांना उत्तर

काका, रामराम. तुमची कमेंट नीट वाचली, उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं होतं पण ते लांबतच चाललं म्हणून म्हटलं सरळ वेगळंच टाकावं. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रोज सकाळी मेडिकल उघडायच्या आधी मी अर्धा तास डोळे मिटून बसतो आणि बहुतेक दिवस त्यात विशेष असं काहीच वाटत नाही. काका रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं असं की काहीच वाटत नसेल तर हा निव्वळ टाइमपास आहे, शिवाय गुरू नाही आसन नाही, प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाईलचा टायमर लावून बसायचं आणि त्याला ध्यान म्हणायचं म्हणजे ध्यानाची थट्टा आहे, आणि खरा राग ज्याचा आहे ते म्हणजे आपल्याकडच्या कष्टकरी माणसाला असली थेरं कधी लागली नाहीत, बापजादे शेतात नाहीतर लाईनवर राबले, काम हेच त्यांचं ध्यान, हे पुण्या-मुंबईचं फॅड तू यावलला कशाला आणून राहिला. आणि एवढं झोडपून झाल्यावर शेवटी एक ओळ, काकूंना रात्री झोप येत नाही, त्यांना याचा उपयोग होईल का. काका, राग मानू नका पण ती ओळ वाचून हसू आलं. तिचं उत्तर शेवटी देतो.

गुरू आणि खुर्चीचं आधी उरकून टाकू. मी शिकलो इगतपुरीला. इगतपुरी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, मुंबईकडून आलेल्या गाडीचं डीसी विजेवर चालणारं इंजिन काढून एसी विजेवरचं लावायचे तो काळ तुम्ही बघितलेला. त्याच गावात १९७६ पासून धम्मगिरी केंद्रात विपश्यनेची, म्हणजे श्वास आणि शरीर नुसतं बघत बसायच्या ध्यानाची, शिबिरं चालतात. ज्यांनी ती सुरू केली ते सत्यनारायण गोयंका जन्माने म्यानमारचे, मंडालेचे, व्यापारी माणूस, डोकेदुखीने हैराण होते म्हणून या वाटेला गेले, आणि त्यांचे गुरू ऊ बा खिन हे कोणी जंगलातले साधू नव्हते तर ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, हिशोब तपासणारे. गोयंका १९६९ ला भारतात आले, २०१३ ला गेले, पण शिबिरात आजही सूचना आणि रात्रीची प्रवचनं त्यांच्याच आवाजात रेकॉर्डिंगवर लागतात. तेव्हा गुरू नाही असं म्हणता येणार नाही, फक्त तो स्पीकरमधून बोलतो. आणि खुर्चीचं म्हणाल तर ज्यांचे गुडघे-कंबर गेलेत त्यांना तिथेही खुर्ची देतात, कोणी भुवया उंचावत नाही. माझे गुडघे काउंटरमागे उभं राहून राहून गेलेत. मांडी घालून बसायचा हट्ट केला तर अर्धा तास फक्त गुडघाच बघत बसावं लागेल. टायमर एवढ्यासाठी की तो नसला की दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून घड्याळ बघावंसं वाटतं, आणि ते प्रत्येकाला वाटतं, कोणी कबूल करत नाही एवढंच.

(तिथे पाय बधिर झाला की नवखे लोक घाबरतात, रक्त थांबलं म्हणतात. माझ्याकडे दुकानातही विचारतात. रक्त वगैरे काही थांबत नाही, बहुतेक वेळा मज्जातंतू (नर्व्ह) दाबला जातो, पाय मोकळा केला की मुंग्या येतात आणि जातात. मात्र उठायची घाई करू नये, बधिर पायावर उभं राहिलं की माणूस पडतो.)

आता ‘काही वाटत नाही’ याचं. माझं लिहिणं कदाचित फारच कोरडं झालं असेल, म्हणून नेमकं काय होतं ते सांगतो. खुर्ची गच्चीवर नेतो, उन्हाळ्यात आपल्याकडे तेवढी एकच वेळ माणसाची असते, दहानंतर त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून दाखवा. डोळे मिटले की नाकाच्या टोकाशी लक्ष. श्वास आत येताना किंचित गार लागतो, बाहेर जाताना कोमट, बस एवढंच बघायचं, तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही. हे सोपं वाटतं ना? चार-पाच श्वास झाले नाहीत तोवर मी डिस्ट्रिब्युटरशी भांडत असतो. एक्स्पायरीचा माल परत पाठवला, त्याची क्रेडिट नोट आली नाही, आणि मी मनात इतकी मुद्देसूद भाषणं ठोकतो की प्रत्यक्षात फोनवर त्यातलं एक वाक्य निघत नाही. मग कधीतरी लक्षात येतं की अरे आपण श्वास बघायला बसलो होतो. तेव्हा दिसतं की खांदे कानाला लागायला आलेत, दात दातावर घट्ट रोवलेत आणि पोट आवळलंय, म्हणजे भांडण डोक्यात चाललंय आणि बिल शरीर भरतंय. खांदे सोडायचे, परत नाक. परत थोड्या वेळाने पोराची फी. परत नाक. मध्येच नाकाच्या शेंड्यावर अशी खाज सुटते की जगात दुसरं काही उरत नाही, ती न खाजवता बघत राहिलं तर वाढते, वाढते आणि आपोआप विरते, आणि कधी विरली ते मात्र कधीच सापडत नाही. काही दिवस मान पुढे लुढकते, झटका बसून जाग येते, सरळ झोपलेलो असतो. खालून आई ओरडते, काय करी ऱ्हायना रे, दूधवाला उना. झालं माझं ध्यान.

यात प्रकाश दिसत नाही, आनंदाच्या लाटा येत नाहीत. पण काका, वाटणं वेगळं आणि होणं वेगळं. जे होतं ते नंतर काउंटरवर कळतं, तेही रोज नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतं, नाही म्हटलं की आवाज चढवतं, आणि मला आधी कळतं की माझे खांदे वर चाललेत, नंतर तोंड उघडतं. कधी कधी तोंडच आधी उघडतं. एवढाच फरक आहे, तो विकायला गेलो तर कोणी घेणार नाही, पण मला तो पुरतो. शांतता मिळेल म्हणून जे बसतात ते बहुतेक महिन्याभरात सोडतात असं मी आजूबाजूला बघतो, कारण शांतता काही ऑर्डर दिली की येत नाही, आणि न आलेल्या शांततेचीच चिडचिड व्हायला लागते.

आता तुमचा तिसरा मुद्दा, काम हेच ध्यान. हा मला मनापासून खटकला कारण मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. आमची केळी आहे, आता मोठा भाऊ बघतो. रात्रीची थ्री फेज लाईट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं, मग ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवत बसायचं, लहानपणापासून मी त्याच्याबरोबर गेलेलो आहे. बाहेरून बघाल तर काय सुंदर चित्र, काळोख, केळीच्या पानांची सळसळ, एकटा माणूस आणि पाणी. आतून काय चाललेलं असतं ते भावाला विचारा. बोर्डाचा भाव इतका जाहीर झाला, व्यापारी त्याच्यात किती कापणार, माल झाडावर पिकायला लागला तर तो म्हणेल त्या भावाला द्यावा लागेल, सोसायटीचं कर्ज, आणि हे सगळं रात्री एक वाजता, पायाखाली साप आहे का ते बघता बघता. हात व्हॉल्व्ह फिरवतो आणि डोकं रावेरला व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसलेलं असतं. बांधावर आल्यावर तो मलाच विचारायचा, पलीकडचा व्हॉल्व्ह बंद केला का रे मी? ह्याला तुम्ही ध्यान म्हणणार? कष्टाला मान द्या, भाव द्या, पण त्याला ध्यानाचं नाव देऊन त्या माणसाच्या डोक्यातला कालवा झाकू नका. आपल्या बापजाद्यांना काही लागलं नाही असं म्हणतो आपण, त्यांना काय लागत होतं हे कोणी विचारलं होतं का? किती जणांची रात्र तंबाखूवर आणि किती जणांची दारूवर निघाली ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आणि तुमच्याच खात्याचं उदाहरण देतो. इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट दोघं बसलेले, समोर सिग्नल दोघांनाही दिसतो, तरी तो मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगायचा असा नियम आहे ना? का? कारण रेल्वेला पक्कं माहीत आहे की डोळे उघडे असले, हात कामात असले, तरी मन घरी गेलेलं असू शकतं. कामात आपोआप लक्ष लागतं असं असतं तर हा नियम करायची गरजच नव्हती. मी नाकाशी बसून करतो ते ह्याहून फार वेगळं नाही, फक्त माझा असिस्टंटही मीच.

फॅडबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत. ध्यानाने शुगर जाते, बीपीची गोळी सुटते असे व्हिडिओ बघून लोक माझ्याकडे येतात आणि गोळ्या बंद करू का विचारतात, तेव्हा माझं डोकं सटकतं, ध्यान गेलं खड्ड्यात. २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकन जर्नलमध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, साडेतीन हजारांवर माणसं होती त्यात. चिंता, नैराश्य आणि दुखणं यात थोडा फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान भारी आहे असं काही आढळलं नाही. मी दिवसभर कंपन्यांचे दावे ऐकणारा माणूस, मला असा बेताचा निकाल जास्त विश्वासाचा वाटतो. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये एक गमतीचा प्रयोग आला होता. माणसाला पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवायचं, हाताशी फक्त एक बटण, दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका. १८ पैकी १२ पुरुषांनी दाबलं, २४ पैकी ६ बायकांनी. तेव्हा नुसतं बसणं म्हणजे रिकामटेकड्यांचा आराम आहे असं म्हणताना एकदा तुम्ही स्वतः बसून बघा, बटण देत नाही.

आता काकू. ध्यान नंतर, आधी डॉक्टर. झोप का येत नाही हे बघायला हवं, थायरॉइड, गुडघेदुखी, शुगरमुळे रात्री लघवीला उठणं, यातलं काहीही असू शकतं. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध असेल आणि ती संध्याकाळी घेत असतील तर वेळ बदलायची का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बदलू नका. पाचनंतरचा चहा आणि कूलरपुढची दुपारची दोन तासांची झोप, हे दोन्ही तपासा. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय कुठेही मागू नका, आणि मागितल्यावर देणाऱ्याकडे परत जाऊ नका.

हे सगळं बघून झालं की मग अंथरुणावर पडल्या पडल्या श्वास बाहेर जाताना मनात आकडा मोजायचा, एक ते दहा, चुकलं की परत एकपासून. चुकणारच, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. डोळे मिटून घाबरल्यासारखं झालं, छातीत धडधडलं तर लगेच सोडायचं, काही जणांना हे सोसत नाही. दहा दिवसांच्या शिबिराला एकदम पाठवू नका, पहाटे चारला घंटा होते आणि दिवसच्या दिवस मौन असतं, ज्याची झोप आधीच बिघडलेली आहे त्याला ते जड जाऊ शकतं. पुढेमागे पाठवलंच तर फॉर्मवर आजार आणि चालू औषधं विचारतात ती लपवू नका. आणि गोळ्यांची नावं इथे कमेंटमध्ये टाकू नका, डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा, ‘एक पांढरी आहे आणि एक बारकी गुलाबी आहे’ एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही.