सल्लागार मंडळ नेमताय? सल्ल्यापासून जपा

अभिनंदन! औषध शोधणारी कंपनी काढलीत, एक प्रोटीन हेरलंत (यालाच टार्गेट म्हणायचं), त्याला चिकटणारा एक रेणू सापडला आणि उंदरांनीही अजून फारशी तक्रार केलेली नाही. आता पैसे लावणारा समोर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सायंटिफिक अ‍ॅडव्हायझरी बोर्डवर कोण कोण आहे?" बोर्ड काय म्हणतंय हे तो विचारत नाहीये हं, कोण आहे ते विचारतोय. ज्याला हा फरक कळला त्याने इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी वाचा, मी बरीच वर्षं असल्या बैठकांचे मिनिट्स लिहिलेत आणि ती एक स्वतंत्र कला आहे, तिच्याकडे येतोच.

आधी माणसं निवडा. एक तरी नोबेलवाला हवाच. नोबेल कशाबद्दलचं ते कोणी बघत नाही, तुमचं औषध मेंदूचं आणि त्यांचं अख्खं आयुष्य यीस्टमध्ये गेलेलं असलं तर उलट सोन्याहून पिवळं, कारण मग ते तुमच्या डेटावर बोलायला संकोचतात आणि फोटो तर तितकाच छान येतो. घ्यायचं नाही ते अशा माणसाला, ज्याची स्वतःची तीन-चार औषधं ट्रायलमध्ये गारद झालीयेत. फार घातक जमात. घोडं कुठे पेंड खातं हे यांना बरोबर माहीत असतं, लिव्हरचे वाईट आकडे कुठल्या स्लाइडमागे दडवलेत ते यांना नुसत्या वासावरून कळतं.

या बाबतीत थेरानोसपुढे हात टेकले. बोटातून काढलेल्या रक्ताच्या चार थेंबांत ढीगभर तपासण्या करतो म्हणणारी कंपनी, आणि संचालक मंडळावर कोण, तर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, वर जनरल मॅटिस. म्हणजे युद्ध पेटलं असतं तर तयारी जय्यत होती, पोटॅशियम नीट मोजायची वेळ आली तेव्हा जरा पंचाईत. ऑक्टोबर २०१५ मध्ये पेपरात भांडं फुटलं आणि मग २०१६ मध्ये त्यांनी खरोखरच्या तज्ज्ञांचं शास्त्रीय आणि वैद्यकीय सल्लागार मंडळ जाहीर केलं. वरातीमागून घोडं. २०१८ मध्ये कंपनीला कुलूप.

मग करार. मानधन द्या, पण त्याबरोबर थोडे शेअर्सही द्या, आणि ते एकदम नाही, चार वर्षांत हप्त्याहप्त्याने. म्हणजे काय होतं, की तिसऱ्या वर्षी एखाद्याला "हे टार्गेटच चुकलंय, बंद करा" असं म्हणावंसं वाटलं तर ते म्हणताना तो स्वतःचेच शेअर्स रद्दीत घालत असतो, आणि माणूस कितीही तत्त्वाचा असला तरी अशा वेळी त्याला "डेटा इंटरेस्टिंग आहे" एवढंच सुचतं. यात कोणी लबाड असतो असं नाही बरं का. उगाच गैरसमज नको.

बैठका वर्षातून दोन, पुरे. एकशे चाळीस स्लाइड्सचा डेक आदल्या रात्री साडेअकराला पाठवा, सोबत "सविस्तर अभिप्राय अपेक्षित" असा नम्र मेल. व्हिडिओवर जोडलेले असतील तर उत्तमच, उंटावरून शेळ्या हाकायला त्याहून चांगली सोय अजून निघालेली नाही. रेणूची रचना दाखवूच नका, गोपनीय आहे म्हणून सांगा. सह्या करून गुप्ततेला बांधलेल्या स्वतःच्याच सल्लागारांपासून कसली गोपनीयता असं कोणी विचारलं तर हसा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एवढी काळजी घेऊनही एखादा निघतोच. आमच्याकडे निघाला होता, एका कंपनीत, नाव कशाला. म्हातारा मेडिसिनल केमिस्ट, म्हणजे औषधांचे रेणू घडवणारा, चुकून बोर्डवर आलेला (कोणाच्या तरी गाइडचा गाइड). या माणसाने स्लाइड्स कागदावर छापून आणल्या होत्या. हातात पेन्सिल, आणि सदतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. तासभर गप्प. मग म्हणाला, "हा डोस-रिस्पॉन्सचा कर्व्ह फारच उभा आहे. डिटर्जंट घालून बघितलंत का?"

खोलीत एकदम शांतता. ज्यांना प्रश्न कळला ते लॅपटॉपमध्ये बघायला लागले, ज्यांना नाही कळला ते कॉफी ओतायला उठले.

न कळलेल्यांसाठी सांगतो. काही रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, त्यांचे बारीक गोळे होतात आणि ते गोळे समोर येईल ते प्रोटीन अंगाला चिकटवून घेतात. टेस्टमध्ये डोस जरा वाढवला की परिणाम एकदम उडी मारतो, म्हणून तो कर्व्ह उभा, आणि वाटतं वा, काय जबरदस्त औषध आहे, आणि ते औषध नसतंच, चिखल असतो. ब्रायन शॉइकेट यांच्या लॅबने २००२ मध्येच हे दाखवून दिलंय आणि ओळखायची युक्तीही दिलीय, ०.०१ टक्के ट्रायटन घालायचं, म्हणजे जवळपास साबणच, आणि टेस्ट परत करायची. गोळे फुटतात, परिणाम गायब. एका दुपारचं काम. आणि नेमकं म्हणूनच ते टाळायचं असतं, कारण दुपारभरात उत्तर येईल अशा प्रश्नावर पुढची दोन वर्षं कशी काढणार?

आमच्या सीईओंनी "एक्सलंट पॉइंट, ऑफलाइन घेऊ" म्हटलं. ऑफलाइन ही जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण तिथे बरंच विज्ञान पडलंय. आणि मी मिनिट्समध्ये लिहिलं, 'बोर्डाने रेणूच्या अधिक सखोल अभ्यासाबाबत उत्सुकता दर्शवली.'

शास्त्रीय पेपरात छापून आलंय म्हणजे टार्गेट पक्कं, अशी श्रद्धा मात्र कोणालाही डळमळीत करू देऊ नका. अ‍ॅमजेन या औषध कंपनीने कॅन्सर संशोधनातले ५३ गाजलेले पेपर स्वतःच्या लॅबमध्ये परत करून बघितले, २०१२ मध्ये छापलं, टिकले फक्त ६. असला आकडा बोर्डच्या बैठकीत आणणं म्हणजे लग्नात बाराव्याचं बोलणं. अ‍ॅस्ट्राझेनेकाचं तर विचारूच नका, त्यांनी बसून स्वतःचे फसलेले प्रोजेक्ट तपासले, टार्गेट बरोबर आहे का, औषध त्या टिश्यूत पोचतं का, असले अडचणीचे प्रश्न सक्तीचे केले, आणि निवडलेल्या औषधांपैकी फेज तीन, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा शेवटचा मोठा टप्पा, पार करणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून १९ वर नेलं. जुने प्रोजेक्ट बंद करावे लागले ते वेगळंच. त्यांच्या नादी लागू नका.

आणि एक गल्लत करू नका. ट्रायलवर नजर ठेवणारी स्वतंत्र सेफ्टी कमिटी असते, ती आपली नव्हे. तिला आपली भीड नसते. ३० नोव्हेंबर २००६ ला फायझरचे सीईओ गुंतवणूकदारांपुढे टॉर्सेट्रॅपिब या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाचं तोंड भरून कौतुक करत होते, आणि २ डिसेंबरला त्या कमिटीच्या सांगण्यावरून साधारण १५,००० पेशंटची ट्रायल बंद. औषध घेणारे ८२ दगावले होते, न घेणारे ५१. दोन दिवस! मंडळ आपलं असतं तर आधी उपसमिती नेमली असती, आणि... असो.

सल्ला अगदीच अंगावर आला तरी घाबरायचं कारण नाही, मोठ्यांचं बघून शिका. अल्झायमरच्या अ‍ॅड्युकानुमॅबवर नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या, सल्लागार समितीत मुख्य प्रश्नावर (एका ट्रायलचा निकाल हा औषध चालतं याचा मुख्य पुरावा मानावा का) १० जण नाही म्हणाले, एक जण नक्की सांगता येत नाही म्हणाला, हो म्हणणारा एकही नाही. जून २०२१ मध्ये मंजुरी. ऐकावे जनाचे करावे मनाचे, ते हे. तीन सभासदांनी राजीनामे दिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते विकणाऱ्या बायोजेनने औषध गुंडाळत असल्याचं स्वतःच जाहीर केलं, पण मधली अडीच वर्षं तर झाली ना.

आमच्या म्हाताऱ्याची मुदत संपल्यावर ती वाढवली नाही, वेबसाइटवर त्याच्या जागी एक हसरा इम्युनॉलॉजिस्ट आला. चौदा महिन्यांनी नव्याने लागलेल्या एका पोरीने, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं म्हणून, त्या टेस्टच्या बफरमध्ये नेहमीच्या सवयीने ट्रायटन घातलं. रेणू ढिम्म, परिणाम गायब. तिने तीनदा करून बघितलं, मग घाबरत माझ्याकडे आली, की माझं काहीतरी चुकतंय का. मी जुने मिनिट्स काढून दिले. तुम्हालाही देतो, 'अधिक सखोल अभ्यासाबाबत उत्सुकता दर्शवली', वाक्य चांगलं आहे, फक्त तारीख बदलून घ्या.