आधी स्वतःचं पुस्तक टेबलावर ठेवा

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपल्या शाळांमधून वाचन प्रेरणा दिन होतो. २०१५पासून होतोय. फलक सजतो, पुस्तकं मांडली जातात, फोटो ग्रुपवर जातात. माझं म्हणणं उरलेल्या दिवसांबद्दल आहे. मुलांनी वाचावं असं वाटत असेल तर शिक्षक वाचताना त्यांना दिसला पाहिजे, आणि रोज दिसला पाहिजे.

जूनमध्ये पुण्यात पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. बहुतेकांच्या हातातली यादी मात्र पाठ्यपुस्तकं, वह्या, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांची असते. परीक्षेशिवाय वाचणारं मोठं माणूस घरात पाहिलंच नाही अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या वाट्याला असं पहिलं माणूस बाई किंवा सर म्हणूनच येऊ शकतं.

सुरुवात अगदी साधी आहे. तुम्ही सध्या जे वाचताय ते पुस्तक वर्गात टेबलावर ठेवा. खूण म्हणून आत पीएमपी बसचं तिकीट असेल तर ते तसंच राहू द्या. ती खूण पुढे सरकतेय का, हे मुलं बघतात. आठवड्यातून दोनदा, दोन मिनिटं, कुठवर आलात ते सांगा. मधली वीस पानं कंटाळवाणी वाटली, ती सोडून पुढे गेले, असं झालं असेल तर तेही सांगा. पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे गुन्हा, असं खूप मुलांना वाटतं. एक नावडतं पुस्तक संपत नाही म्हणून महिनोन् महिने दुसरं हातात घेतलं जात नाही. ही गाठ शिक्षकाच्या एका वाक्याने सुटते.

मग मोठ्याने वाचून दाखवणं. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण यात तयारी लागते आणि तीच टाळली जाते. आवाज चढवत-उतरवत, थांबत वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत पाच-सहाशे शब्द, साधारण दोन पानं. तेवढाच उतारा निवडा. घरी एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारा, आणि संवाद कोणाचा आहे ते समासात एका अक्षराने लिहून ठेवा. नाहीतर आजीचं वाक्य नातवाच्या आवाजात जातं आणि पुढचं अर्धं पान मुलांना कळत नाही. थांबायची जागा आधीच ठरवा. दार उघडणार, पत्र फोडलं जाणार, नेमकं तिथे पुस्तक मिटा आणि मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. त्या दिवशी दहा जण ते मागतील. प्रत एकच असेल तर फळ्याच्या कोपऱ्यात नंबर लावा, प्रत्येकाला चार दिवस. आणि कृपा करून लगेच ‘मग यातून काय शिकलात?’ असं विचारू नका. तात्पर्य विचारलं की ती गोष्ट पुन्हा धडा होते.

मूकवाचनाला परिपाठानंतरची वेळ चांगली. पाचवी-सहावीला पहिल्या आठवड्यात सात मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला दोन-दोन वाढवत पंधरावर या. हा उपक्रम बहुतेक एकाच कारणाने कोलमडतो: त्या वेळात शिक्षक वह्या तपासतात किंवा मोबाईलवर ऑनलाइन माहिती भरतात. आठवड्याभरात मुलांना कळतं की हे काम फक्त आपल्यालाच लावलंय. मोबाईलवर पुस्तक वाचत असलात तरी मुलांना मोबाईलच दिसतो, म्हणून छापील पुस्तकच घ्या.

चाळीस मुलांसाठी वर्गपेटीत साठेक पुस्तकं हवीत, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवड उरते. सोळा-चोवीस पानांची पातळ पुस्तकं सातवीतसुद्धा ठेवा. किल्ले, क्रिकेट, भुतं, पाककृती, सगळं चालेल. महिन्याला वीसेक बदला. पैसे नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलंय, गोष्टीच्या पुस्तकांसकट. तरीही पुस्तकं कुलपात राहतात, कारण दाखल नोंदवहीतलं एखादं पुस्तक गहाळ झालं तर वसुली आपल्याकडून होईल, ही शिक्षकांची भीती. ती रास्त आहे. म्हणून वर्षाला इतकी पुस्तकं फाटणार, इतकी हरवणार, हे मुख्याध्यापकांनी आणि संस्थेने आधीच मान्य करावं आणि त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती रीतसर कमी करणं, वेळेवर करावं. ‘पुस्तकं वापरासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा पहिला नियम १९३१ सालचा आहे.

आणि ज्या शिक्षकाचं स्वतःचंच वाचन सुटलंय त्याने काय करावं? निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं, अहवाल यांत वेळ जातो हे खरंच आहे. मग कादंबरी नको, कथासंग्रह घ्या, आठवड्याला एक कथा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत अर्धा तास बसा, पाच-सहा जण पुरेत, ज्याने जे वाचलं ते सांगायचं. मुलांच्या पुस्तकांपासून सुरुवात केलीत तर दुहेरी फायदा, कारण पेटीत काय आहे हे माहीत असेल तरच ‘तुला हे आवडेल’ असं एखाद्या मुलाला नाव घेऊन सांगता येतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेटी रिकामी करा, प्रत्येकाबरोबर एक तरी पुस्तक घरी जाऊ द्या. सुट्टीत तुम्ही वाचलेले दिवाळी अंक शाळा उघडली की वर्गात आणा, आवडलेल्या पानाचा कोपरा दुमडून, आणि कोणता मजकूर का आवडला ते पहिल्याच दिवशी हजेरीच्या आधी सांगा.