ऑर्डर घेतोस का विचारणाऱ्यांसाठी

परवा पुन्हा एकाने विचारलं, अरे एवढा मस्त ब्रेड करतोस तर ऑर्डरी का नाही घेत? कौतुकच असतं ते, कळतं मला, पण दरवेळी ऐकलं की जरा चिडचिड होतेच. घरी गुणगुणणाऱ्या माणसाला कोणी तिकीट लाव म्हणतं का? तर आज एकदाच काय ते लिहून टाकतो.

मुळात मी ब्रेड करतो तोच वाटायला. घरात खाणारे दोघं, आणि ओव्हन नीट तापायलाच अर्धा तास जातो, मग एका लोफसाठी एवढा खटाटोप जिवावर येतो. म्हणून सरळ १ किलो मैदा घेतो, ६५० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन भलेमोठे लोफ निघतात. आता घरच्या ब्रेडमध्ये टिकण्यासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशीची मजा दुसऱ्या दिवशी नाही. आणि प्लीज तो फ्रिजमध्ये ठेवू नका! लोकांना वाटतं ब्रेड फक्त वाळतो म्हणून कडक होतो, पण मुख्य भानगड स्टार्चची असते, भाजताना पाणी पिऊन मऊ झालेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू परत घट्ट होत जातो आणि फ्रिजच्या थंडीत हे उलट जास्त लवकर होतं. स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवला तर चालतो. पण त्यापेक्षा शेजारचं दार वाजवणं सोपं ना.

माझा पहिला लोफ म्हणजे वीट होती वीट. पाणी कोमट हवं असं वाचलं होतं, मी उत्साहात कढत ओतलं. यीस्ट जिवंत असतं, साधारण ५५-६० डिग्रीला मरतंच, हे तेव्हा कुठे माहीत. चार तास त्या गोळ्याकडे बघत बसलो, ढिम्म हलला नाही. तरी भाजला आणि तरी एका मित्राला नेऊन दिला, त्याने बिचाऱ्याने सूपमध्ये बुडवून बुडवून संपवला. विकत दिला असता तर काय झालं असतं विचार करा.

आता हात बसलाय. मळताना सुरुवातीला सगळं बोटांना चिकटतं, वाटतं अजून मैदा टाकावा, तो मोह टाळायचा, दहा-बारा मिनिटांत तोच गोळा गुळगुळीत होतो आणि छोटा तुकडा ताणला तर पडद्यासारखा पातळ होतो, न फाटता, पलीकडचा उजेड दिसतो. मला पूर्ण प्रोसेसमध्ये ते सगळ्यात आवडतं. नाही, खरं तर सगळ्यात आवडतं ते बाहेर काढल्यावरचं. कडक कवचाचा लोफ जाळीवर गार व्हायला ठेवला की कवच तडकायला लागतं आणि बारीक तडतड ऐकू येते, कान जवळ न्या कधीतरी. मग तो कापडात गुंडाळून द्यायचा (प्लास्टिकमध्ये नको, वाफेने कवच मऊ पडतं) आणि सांगायचं की एक तास कापू नका, आत अजून ओलसर असतो. आजपर्यंत एकानेही ऐकलेलं नाही.

केक, कुकीज पण करतो, पण केकला निमित्त लागतं, ब्रेडला लागत नाही. कुकीजचे गोळे फ्रीझरमध्ये असतातच, कोणी आलं की सहा भाजायचे, झालं.

एक मात्र शिकलो, विचारून द्यायचं. एका ओळखीच्या ताईंना कौतुकाने लोफ नेऊन दिला, नंतर कळलं त्यांना गहू चालतच नाही, संकोचाने बोलल्या नाहीत. आता अंडं, सुकामेवा, गहू सगळं आधी विचारतो. बेकिंग पावडरची गोष्ट माहितीये का? १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने बायकोला यीस्ट चालत नाही म्हणून ती बनवली. पुढे त्याने ती विकून धंदाही केला, म्हणजे हे उदाहरण माझ्याच विरोधात जातंय, जाऊ दे.

तर मुद्दा असा की विकायचं म्हटलं की प्रत्येक लोफ सारखा हवा, वेळेवर हवा. माझं पीठ गरमीत तासात दुप्पट होतं, थंडीत तीन तास लावतं, कधी लोफ एका बाजूला कलतो. फुकट दिलेला वाकडा लोफ कोणी परत आणून देत नाही. आणि सहा वर्षं लिफ्टमध्ये फक्त मान हलवणाऱ्या शेजारच्या काकू आता मला अरे-तुरे करतात.

त्यांनीच माझ्याकडून सावरडोचं स्टार्टर (म्हणजे पीठ-पाणी आंबवून केलेलं विरजण, यीस्टऐवजी त्यानेच ब्रेड फुगवायचा) मागून नेलं. तसंही दर वेळी नवीन पीठ-पाणी घालताना जुन्यातलं बरंचसं काढावं लागतं, टाकून द्यायच्या ऐवजी बरणीत भरून दिलं. काल त्यांनी पहिल्या लोफचा फोटो पाठवला. माझ्यापेक्षा चांगला फुगलाय. पाहून आधी पोटात दुखलं, मग फोन करून विचारलं, काकू, पाणी किती घातलंत?