शेजाऱ्याला धूर पाठवताना घ्यायची काळजी

अभिनंदन! तुमच्या देशाचा धूर काल रात्री समुद्र ओलांडून शेजाऱ्याच्या राजधानीत सुखरूप पोचला. सकाळी त्यांच्या परराष्ट्र खात्याचं निषेधपत्र आलं, साहेबांनी ते न वाचताच तुमच्याकडे सरकवलं आणि संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत तुम्ही बोलायचं ठरलंय. घाबरून जाऊ नका. इंडोनेशियातल्या आगींचा धूर मलेशिया आणि सिंगापूरला पोचतो, आणि या तिघांनी या विषयाचा गेली तीसेक वर्षं इतका रियाज केलाय, की तुम्हाला फक्त उतरवून काढायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे धुराला धूर म्हणू नका. धूर म्हटलं की पुढचा माणूस विचारतो, आग कुठे लागलीय? तिथून प्रश्न 'कोणी लावली' वर जायला वेळ लागत नाही. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या कागदपत्रांत म्हणूनच 'हेझ', म्हणजे धूसर हवा, हा गोंडस शब्द आहे. पहाटे डोंगरावर काहीतरी अलगद उतरावं, तसा. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरचा साधा माणूस त्याला 'आसाप' म्हणतो, म्हणजे सरळ धूरच. पण त्याला करार लिहायला कोणी बोलावलं नव्हतं.

करार मात्र जरूर करा, आणि सही तर अगदी हसतमुखानं करा. सीमापार धुराचा आसियान करार १० जून २००२ रोजी क्वालालंपूरला झाला, पुढच्या वर्षी लागूही झाला. ज्याच्या जमिनीवर सर्वांत जास्त आगी लागतात त्या इंडोनेशियाच्या संसदेनं त्याला मंजुरी दिली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. बारा वर्षं घोंगडं भिजत ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. बरं, मंजुरी दिल्यानं काही बिघडलंही नाही, कारण कराराप्रमाणे वाद सामोपचारानं, चर्चेनं सोडवायचा असतो आणि शिक्षेचं कलमच नाही. मग या सगळ्यांनी मिळून '२०२० पर्यंत धूरमुक्त' असा आराखडाही केला. २०१९ साली तिथल्या आकाशानं त्याला काय उत्तर दिलं, ते पुढे येईलच.

आता पत्रकार परिषद. इथे बचाव करत बसू नका, शेजाऱ्याचे उपकार काढा. मार्च २०१५ मध्ये इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला यांनी हे काम कसं केलं ते पाहा. वर्षातले अकरा महिने शेजाऱ्यांना आमच्याकडून छान हवा मिळते, तेव्हा कोणी आभार मानत नाही. एक महिना धूर आला की लगेच नाराज होतात, असा त्यांचा सूर होता. वा! चोराच्या उलट्या बोंबा आपण ऐकल्या होत्या, पण चोरानं घरमालकाकडे अकरा महिन्यांच्या राखणीचा पगार मागावा, ही वरची पायरी झाली. फक्त हिशेब थोडा जपून मांडा, कारण त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने शेजारी खोकत होते आणि आगींत सव्वीस लाख हेक्टर जमीन जळाली.

टोला हाणायचं आणि माफी मागायचं काम एकाच माणसाकडे देऊ नका. जून २०१३ मध्ये सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला (तीनशेच्या वर तो 'घातक' समजतात) आणि बाजारातले मास्क संपले. तेव्हा जकार्तातले एक ज्येष्ठ मंत्री म्हणाले, सिंगापूरनं लहान मुलासारखं वागू नये. मग चार-पाच दिवसांत राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी शेजाऱ्यांची माफी मागितली. मंत्र्यामुळे घरचे मतदार खूश, राष्ट्राध्यक्षांमुळे बाहेरचे पाहुणे खूश. आग तेवढी दोघांनाही न विचारता चालू राहिली.

आता अवघड प्रश्न येईल, जमीन कोणाची? इथे घाम पुसू नका, उलट खुलून या. जमीन सुमात्रात, कंपनीची कचेरी सिंगापुरात, भांडवल मलेशियाचं आणि तिथल्या तेलताडाचं पाम तेल जगभरच्या बिस्किटांत नि साबणांत, असं हे त्रांगडं आहे. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याची शेपटी आहे, म्हणून कोणी जोरात ओढत नाही. शेजाऱ्यानं कोणत्या कंपनीला कोणती जमीन दिली त्याचे नकाशे मागितले, तर कायद्याची अडचण सांगा. सिंगापूरनं २०१४ मध्ये चिडून स्वतःचाच कायदा केला. धूर करणारी कंपनी कुठल्याही देशात असो, दिवसाला एक लाख सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड, जास्तीत जास्त वीस लाख. २०१६ मध्ये चौकशीला न आलेल्या एका संचालकाविरुद्ध तिथल्या न्यायालयाकडून वॉरंटही निघालं. जकार्तानं लगेच हरकत घेतली. तुम्हीही घ्या. धुराला सीमा नसतात, पण वॉरंटला असतात, हे ठासून सांगा.

उपग्रहाचं मात्र भान ठेवा. आगीचे ठिपके मोजणारं आसियानचं हवामान केंद्र नेमकं सिंगापुरात आहे. २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या पर्यावरणमंत्र्यांनी, सगळा धूर आमचा नाही, तुमच्याकडेही आगी आहेत, असं सुनावलं, तेव्हा मलेशियाच्या मंत्रीणबाईंनी आकडेच समोर ठेवले. यावर एक उपाय निसर्गानंच करून ठेवलाय. धूर फार दाट झाला की उपग्रहाला खालची आग नीट दिसत नाही आणि ठिपके कमी भरतात. म्हणजे अर्धवट काम करू नका.

आणि समजा, उद्या वारा फिरला आणि तुम्हीच धूर घेणारे झालात तर? तर आकडे झाका. १९९७ च्या भयंकर धुरानंतर मलेशियानं काही वर्षं हवेचे आकडे लोकांपासून लपवून ठेवले होते, पर्यटक बिचकतात म्हणून. २००५ मध्ये पुन्हा दम कोंडला तेव्हा ते उघड झाले. किंवा वाऱ्यालाच आरोपी करा. यात आपल्या उपखंडाचा हात कोणी धरणार नाही. लाहोर म्हणतं, धूर भारतातून येतो. आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात उत्तर प्रदेशाच्या वतीनं सांगण्यात आलं, की खराब हवा पाकिस्तानातून येते. सरन्यायाधीशांनी विचारलं, मग काय, पाकिस्तानातले कारखाने बंद करायला सांगू? इतकं रोकडं उत्तर मिळू शकतं, तेव्हा न्यायालयात हा मुद्दा जपून वापरा.

एक पथ्य पाळा, जागेवर जाऊ नका. गेलात तर ज्वाळा दिसणारच नाहीत, आणि तेच वाईट. ही पीटची जमीन असते. हजारो वर्षं पाण्यात मुरलेला पालापाचोळा आणि लाकूड, कुठे कुठे कित्येक मीटर खोल. तेलताड आणि कागदाची झाडं लावायची म्हणून कालवे खणून पाणी काढून टाकलं, की ती वाळून सरपण होते. मग आग खालून चालते. आग विझवणारा नळी जमिनीत खुपसतो, फसफस वाफ येते, तो घाम पुसून चार पावलं पुढे जातो आणि मघाच्याच जागेमागून पांढरी रेघ पुन्हा वर येते. बुटाचा तळ गरम लागतो. असं काही पाहून आलेल्या प्रवक्त्याचा आवाज संध्याकाळी कापरा येतो.

शिवाय तिथे तुमचीच माणसं भेटतात. २०१५ मध्ये बोर्नियो बेटावरच्या इंडोनेशियाच्या भागात, कालिमांतानमधल्या पालांकाराया शहरात निर्देशांक दोन हजारांच्या आसपास गेला होता, सिंगापूरच्या त्या गाजलेल्या ४०१ च्या पाचपट. तान्ह्या बाळांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं तयारीत ठेवावी लागली. २०१९ मध्ये सुमात्रातल्या जांबीत भरदुपारी आकाश लालभडक झालं. पण या लोकांची काळजी नको. त्यांना परराष्ट्र खातं नाही, त्यामुळे त्यांच्याकडून निषेधपत्र येत नाही.

बाकी सगळं पावसावर सोडा. तो ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात येतो, आणि मंत्र्यांच्या बैठकांना जे जमलं नाही ते करून जातो. पहिली सर पडली की 'उभय देशांच्या संयुक्त प्रयत्नांना यश' असं प्रसिद्धीपत्रक काढा. मसुदा सप्टेंबरातच तयार असू द्या. सोबत फोटो हवाच. त्यासाठी थोडं थांबा. ओल्या, काळ्या राखेत लवकरच तेलताडाची रोपं ओळीनं उभी राहतील. तो फोटो जोडा आणि खाली लिहा, 'जळालेल्या भागात हिरवाई परतली.'